नाक्यावरचा न्हावी

"टोपी काढा," नाक्यावरची बाई म्हणाली.

धैर्यशील पिसाळनं लोकरीची टोपी काढली. दिव्याच्या उजेडात त्याचं भादरलेलं डोकं चकाकलं. बाईंनी डोक्याकडे पाहिलं, मग मिशीच्या जागेकडे पाहिलं. तिथंही मैदान साफ होतं.

"आजारी होतात का?"

"नाही. माझे वडील वारले."

बाईंनी मनापासून दुःख व्यक्त केलं. मग अगदी खरोखरच न कळून त्यांनी विचारलं, "पण मग केस कुठं गेले?"

आता हे कसं सांगायचं? धैर्यशीलची जर्मन तशी बरी होती. औषधांच्या कंपनीत तो दिवसभर त्याच भाषेत भांडायचा. पण दहाव्याला वाईच्या घाटावर बसून मुलांनी डोकं, दाढी, मिशी, नखंसुद्धा उतरवायची असतात, हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नव्हते.

"आमच्यात काढतात," तो म्हणाला.

"का?"

"वडील गेले म्हणून."

बाईंचा गोंधळ तसूभरही कमी झाला नाही. खरं तर धैर्यशीललाही 'का' ते नीट ठाऊक नव्हतं. दादा म्हणाला बस, म्हणून तो बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणीही आलं नव्हतं. अप्पांना जाऊन इतके दिवस झाले तरी आलं नव्हतं, आणि याचंच त्याला मनातून कोडं पडलं होतं.

बाईंचं नाव होतं लिंडर, तिकडच्या भाषेत फ्राउ लिंडर. साठीकडे झुकलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या, नियमाला पक्क्या. त्यांचा नाका होता वाइल या गावी, जर्मनीच्या अगदी टोकाला. नाक्याच्या मधोमध एक काचेची खोली, तिला दोन दारं. एक दार जर्मनीत उघडायचं आणि दुसरं स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात. बाहेरून ट्राम खडखडत पलीकडे जायची. त्या ट्राममध्ये बसलं की थोड्याच वेळात धैर्यशीलचं घर, आणि घरात त्याची बायको शर्वरी, दिवस भरत आलेली, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलेली. तिला या दिवसांत एकटं टाकून त्याला अप्पांसाठी जावं लागलं होतं. आता परत यायचं तर हा असा अडकला.

एके काळी या भागात एकदा व्हिसा मिळाला की माणूस चार देश फिरून यायचा, कोणी हटकत नसे. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांत संशय शिरला. लोक पत्ता दाखवत एका देशातला आणि राहत दुसऱ्या देशात. पासपोर्ट माणूस कोण ते सांगतो, पण तो खरोखर कुठं राहतो ते काही सांगत नाही. म्हणून तीन शेजारी देशांनी मिळून नवा करार केला आणि सगळ्या नाक्यांवर एक यंत्र बसवलं. त्याचं खरं नाव वीतभर लांब होतं. बाझेलच्या मराठी मंडळींनी त्याचं नाव ठेवलं न्हावी.

न्हावी मानेवरचा एक केस कापून घ्यायचा आणि तो टोकापासून मुळापर्यंत वाचायचा. त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. जमिनीतल्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो. वागायला तो कॅल्शियमचा सख्खा भाऊच. खडकातून मातीत येतो, मातीतून धान्यात, धान्यातून आपल्या हाडात आणि केसात. त्याचे काही अणू जड, काही हलके, आणि कोणत्या खडकात कोणाचं प्रमाण किती हे ठरलेलं असतं. आपल्याकडचा काळा कातळ वेगळा आणि आल्प्सचा खडक वेगळा. पाण्याचंही तसंच. समुद्रावरून निघालेला ढग जड पाणी आधी टाकून देतो आणि उरलेलं हलकं पाणी घेऊन पुढं सरकतो. त्यामुळे समुद्रापासून लांब, बाझेलच्या नळाला येणारं पाणी वाईच्या पाण्यापेक्षा किंचित हलकं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे वीतभर केसात वर्ष-दीड वर्ष कुठलं खाल्लं आणि कुठलं प्यालं ते सगळं ओळीनं येतं. मागचे सहा महिने बाझेलचे निघाले की दार उघडायचं.

आणि केसच नसले तर?

"हाताचा केस चालेल का?" धैर्यशीलनं विचारलं.

"तो थोडा वाढून थांबतो. त्याचा काळ सांगता येत नाही."

"नख?"

लिंडरबाईंनी त्याचे हात उजेडात धरले. नखं पार मुळापर्यंत उतरवलेली होती. "वाढू द्या," त्या म्हणाल्या. "नख बोटाच्या मुळापासून टोकाला यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे टोकाचा तुकडा जुनं सांगेल. कापता येईल इतकं आलं की या. तोवर तुम्ही आमच्या बाजूला राहू शकता."

"पण माझ्या बायकोचे दिवस भरलेत!"

"मला समजतं," लिंडरबाई म्हणाल्या. त्यांना समजत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण दार काही त्यांच्या चेहऱ्यावर उघडत नव्हतं.

धैर्यशीलनं वाइलमधल्या एका स्वस्त लॉजवर सामान टाकलं आणि पहिला फोन वाईला लावला.

"दादा, माझे केस कुठायत?"

"आं?"

"घाटावर काढलेले. नाक्यावरच्या मशीनला केस लागतो. कुणी ठेवलेत का?"

"अरं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? केस कुणी ठिवतं व्हय? कृष्णामाईत सोडलं. कवाच कराडच्या पुढं गेलं असतील."

"एकसुद्धा नाही राहिला?"

"न्हाई कसा? शेंडी ठिवली व्हती की! ती घाल तुझ्या त्या मशिनीत."

घाटावर न्हाव्यानं बोटभर लांब शेंडी राखली होती, हे खरं. पण मुंबईत विमानाआधी हातात मोकळा वेळ होता. आरशात ती शेंडी दिसली आणि त्याला ऑफिसातली तोंडं आठवली. एक सलून दिसलं. "ठेवू का साहेब?" असं त्या कारागिरानं विचारलंही होतं. धैर्यशील म्हणाला होता, काढून टाक.

"दादा, ती मी मुंबईत काढली."

"अप्पांसाठी ठिवलेली तेवढी बोटभर शेंडी तुला जड झाली व्हय रं?" दादा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लिंडरबाईंनी स्वतःहून एक वाट काढली. करारात एका घरातल्या माणसांसाठी सोय होती. एका चुलीवरचं खाणाऱ्यांच्या केसांचा नकाशा सारखाच येतो. तेव्हा शर्वरीचा केस बाझेलचा निघाला, तर नवराही तिथलाच असं धरता येईल. धैर्यशीलला हायसं वाटलं. बाझेलच्या बाजूची एक परिचारिका हातातलं यंत्र घेऊन घरी गेली आणि शर्वरीचा एक लांबसडक केस घेऊन आली.

निकाल बघायला तो नाक्यावर गेला तेव्हा लिंडरबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या.

"तुमची पत्नी गेले सात-आठ महिने कुठं होती?"

"घरी. बाझेलला."

"तुमची खात्री आहे?"

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या. पाण्याची रेघ सरळ होती, बाझेलची. खडकाची रेघ मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीलाच खाली घसरली होती आणि खालीच राहिली होती. खाली कुठं, तर काळ्या कातळाच्या मुलखात. शेजारी यंत्रानं नकाशा काढून दाखवला होता. पश्चिम भारत.

"याचा अर्थ ती तिकडं होती?"

"खडक तसं म्हणतो. पाणी म्हणतं, इथंच होती. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी राहू शकत नाही. किंवा मग," लिंडरबाई चाचरल्या, "हा केस दोघींचा मिळून आहे, किंवा यंत्र बिघडलंय. यंत्र मी तपासलंय. ते ठीक आहे."

"मग आता?"

"आता त्यांच्याही रहिवासाची चौकशी होईल. आणि आईवडील दोघांचा रहिवास अडकला, तर बाळाला इथला रहिवास मिळत नाही."

धैर्यशील बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बसला. त्याला काही म्हणजे काही कळेना. रोज संध्याकाळी दार उघडायला शर्वरी असायची, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण आठवतं म्हणजे काय? आपण दमून येतो, मोबाइलमध्ये डोकं घालून जेवतो, झोपतो. समोर कोण होतं हे तरी आपण बघितलं का? यंत्र इतक्या ठामपणे सांगत होतं की त्याला आपल्याच घराची शंका यायला लागली. त्याचं बोट आपोआप तोंडात गेलं. काळजी लागली की नखं कुरतडायची त्याची लहानपणापासूनची सवय. मग एकदम आठवून त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

शेवटी त्यानं शर्वरीला फोन लावला आणि विचारू नये ते विचारलं.

"शर्वरी, तू माझ्या नकळत वाईला जाऊन आलीस का?"

"काय?"

"म्हणजे, राहायला. बरेच महिने."

"धैर्य, तुला ताप आलाय का?"

"मशीन सांगतंय. तुझा केस वाईचा निघालाय."

"आणि तुला रोज संध्याकाळी ताट वाढून कोण देत होतं? मशीन?"

"तेच तर मला कळत नाहीये!"

शर्वरी आधी चिडली, मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती एकदम थांबली. "त्या ताटात काय असायचं, आठवतंय का तुला?" तिनं विचारलं.

"भाकरी. घेवड्याची आमटी. तुला दुसरं काही पचत नव्हतं म्हणून."

"आणि पीठ कुठून यायचं?"

"दुकानातून. म्हणजे, येत असेल की दुकानातून."

"इथं कुठल्या दुकानात शाळूचं पीठ मिळतं, धैर्य?"

त्यानं कधी विचारच केला नव्हता. शर्वरी सांगत गेली. पहिल्या महिन्यांत तिला पाव, भात, काही म्हणून पोटात ठरत नव्हतं. अप्पांना फोनवर सहज म्हणाली की शाळूची भाकरी खावीशी वाटते. दोन आठवड्यांत साताऱ्याच्या कुणाच्या तरी मेव्हण्याबरोबर पीठ आलं. आपल्याच रानातल्या शाळूचं. मग वाघ्या घेवडा आला, मेतकूट आलं, नाचणीचं सत्त्व आलं. दर महिन्याला कोणी ना कोणी घेऊन यायचं. अप्पा माणसं हुडकून काढायचे.

"मला का नाही सांगितलंस?"

"अप्पाच म्हणाले, त्याला सांगू नको, चिडेल. तू नको म्हणाला होतास ना त्यांना."

म्हणाला होता. मागल्या वर्षी अप्पांनी दिलेली पिठाची पिशवी विमानतळावर साहेबांच्या देखत फुटली होती आणि सगळा कोट पांढरा झाला होता. घरी येऊन त्यानं अप्पांना फोनवर झाडलं होतं, इथं सगळं मिळतं, पोती कसली पाठवता, मला लाज वाटते. अप्पा बरं म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी त्या गोष्टीचं नावही काढलं नव्हतं. धैर्यशीलला वाटलं होतं, म्हाताऱ्यानं ऐकलं एकदाचं.

"घरात अजून अर्धा डबा पीठ आहे," शर्वरी म्हणाली. "संपवायचा धीर होत नाही. आणि हे बघ, नखं खाऊ नकोस."

त्यानं धावत जाऊन लिंडरबाईंना सगळं सांगितलं. पाणी बाझेलचं, खडक वाईचा, कारण भाकरी वाईची. लिंडरबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांना ते पटलंसुद्धा.

"पण नियमात भाकरी नाही," त्या म्हणाल्या. "कोणाचंही नातं भाकरीवरून सिद्ध करता येत नाही. असं म्हणत दहा माणसं येतील. दुसरा पुरावा हवा."

पुरावा कुठून आणायचा? धैर्यशील रोज थांब्यावर बसायचा, ट्रामकडे बघायचा आणि बोटांकडे बघायचा. त्याच्या टाळूवर तांदळाच्या कोंड्यासारखे खुंट आले होते. पण ते आजचे केस, गेल्या वर्षाचं त्यांना काय माहीत?

बाळ एका सकाळी झालं. फोनच्या पडद्यावर त्याला एक लालबुंद चेहरा दिसला आणि त्याच्यावर काळंभोर, भरघोस जावळ. "मुलगा," शर्वरी दमलेल्या आवाजात म्हणाली. धैर्यशीलनं थांब्यावरच्या अनोळखी आजोबांना हलवून सांगितलं की मला मुलगा झाला. ते म्हणाले, अभिनंदन, मग तुम्ही इथं काय करताय?

दवाखान्यातून घरी सोडल्यावर शर्वरीनं ऐकलं नाही. बाळाला गुंडाळून ती टॅक्सीनं सरळ नाक्यावर आली. दोन दारांच्या खोलीत नवराबायकोला भेटता येत होतं. फक्त आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा केस घ्यायचा, असा नियम होता. बाळही त्यातून सुटलं नाही.

"त्याला कशाला?" धैर्यशील काचेपलीकडून ओरडला. "ते तर इथंच जन्मलंय!"

"प्रत्येकाचा," लिंडरबाई म्हणाल्या, पण यंत्राऐवजी त्यांनी स्वतःच्या हातानं अगदी हळू एक केस घेतला. बाळाला कळलंही नाही. मग त्यांनी धैर्यशीलला त्याच्या बाजूच्या दारातून आत घेतलं. "तुमचा हात बघू."

अंगठ्याच्या नखाला चंद्रकोरीसारखी बारीक पांढरी कड आली होती. लिंडरबाईंनी ती कापून दुसऱ्या खाचेत टाकली.

बाळ कुरकुरलं. शर्वरी त्याला थोपटत उभी होती. धैर्यशीलला तिच्याजवळ जायचं होतं, पण निकाल लागेपर्यंत मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडे जायला बंदी होती. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. अप्पा गेले त्या दिवसापासून हा माणूस तिला प्रत्यक्ष दिसला नव्हता आणि आता तिच्यासमोर हे बोडकं डोकं उभं होतं.

"ओळखू येत नाहीयेस," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला.

पडदा उजळला. बाळाच्या रेघा आल्या. जावळ आईच्या पोटात वाढलेलं असतं. आई जे खाते-पिते त्यातूनच ते घडतं. पाण्याची रेघ बाझेलची होती. खडकाची रेघ अगदी तळाला होती, शर्वरीच्या केसापेक्षाही जराशी खालीच. यंत्रानं न अडखळता बाळाचा मुलूख दाखवला. पश्चिम भारत, काळा कातळ. आणि खाली प्रश्न आला. लिंडरबाईंनी तो वाचला तेव्हा त्यांचाच आवाज घुटमळला.

"हे बाळ युरोपात कधी आलं, असं विचारतंय."

शर्वरी हसायला लागली. धैर्यशीलला हसावं की काय करावं ते समजेना. वाई ज्यानं पाहिली नाही, ज्याचे डोळेसुद्धा अजून नीट उघडत नाहीत, त्या मुलाच्या डोक्यावर अप्पांच्या रानातला शाळू उगवून आला होता.

मग नखाच्या रेघा आल्या. वर पाणी बाझेलचं. खाली खडक, तोच.

"थांबा," लिंडरबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला. शर्वरीच्या रेघा, बाळाच्या रेघा आणि नखाच्या रेघा एकावर एक ठेवल्या. मधले मधले चढउतार सोडले तर तिन्ही एकमेकींवर बसल्या. पाणी इथलं आणि धान्य तिथलं, अशी ही मिसळ त्या यंत्राच्या लाखो नोंदींत दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

"एकेकटे तुम्ही कुठलेच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तिघं मिळून एका घरातले आहात. हे मला मान्य करावंच लागेल. घराचा पत्ता बाझेलचा आहे. म्हणजे नियम पुरा झाला." त्यांच्या आवाजात सुटका होती.

धैर्यशीलच्या मात्र डोक्यात दुसरंच शिरलं होतं. नखाच्या रेघेत अप्पा होते. आपण झाडल्यावर बरं म्हणालेला म्हातारा इतके महिने रोज संध्याकाळी आपल्याला वाढत होता, आणि आपण मोबाइलकडे बघत जेवत होतो. बोटभर शेंडी नव्हती ठेवली तरी अंगभर ते होतेच. घाटावर आलं नव्हतं ते पाणी इथं, परक्या देशाच्या नाक्यावर, फ्राउ लिंडरच्या समोर आलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"एकच जागा रिकामी आहे," लिंडरबाई खाली बघत म्हणाल्या. "बाळाची नोंद तिच्याशिवाय पुरी होत नाही. मुलूख बाहेरचा दिसतोय, म्हणून विचारतंय, बाळ कुणाबरोबर आलं? आईचं नाव घालू?"

"नाही," धैर्यशील म्हणाला. "आजोबांबरोबर."

लिंडरबाईंनी वर पाहिलं. "आजोबा कुठं आहेत?"

"वारले. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला."

त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली, मग बाळाच्या जावळावर, मग पुन्हा त्याच्या डोक्यावर. "अच्छा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "म्हणून केस."

"हो," तो म्हणाला. "म्हणून."

त्यांनी नाव विचारलं. त्यानं सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर लिहून घेतलं, आणि बाझेलच्या बाजूचं दार उघडलं. बाहेर गार वारा सुटला होता. धैर्यशीलनं बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं आणि खिशातली लोकरीची टोपी काढून त्या जावळावर सांभाळून घातली. टोपी पार नाकापर्यंत आली.

"डब्यातलं पीठ," तो शर्वरीला म्हणाला, "आज करूया."